देहावरची खूण आणि माणसाची ओळख

(उपासक-उपासिकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



धम्मदीक्षा घेतल्यानंतर प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. घरातील देव्हारा गेला, भिंतीवर भगवान बुद्धांची व परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा आली, मुलांच्या तोंडी त्रिशरण-पंचशील आले. आपण स्वतःस बौद्ध म्हणवू लागलो. परंतु गावाच्या दृष्टीने आपण कोण आहोत? चावडीपुढे, पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर आपला देह तोच आहे, आणि त्या देहाकडे पाहणारी नजरही पुष्कळदा तीच आहे. ज्या दिवशी तंटा होतो आणि लाठी उगारली जाते, त्या दिवशी ती लाठी आपण कोणाला शरण गेलो हे विचारीत नाही. ती देहावरच येऊन आदळते. मग आपली नवी ओळख त्या वेळी कुठे असते? मारणाऱ्याच्या हाती लागणार नाही असे आपल्यापाशी काही आहे काय?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्या कानांवर पिढ्यान् पिढ्या पडत आले आहे. ते असे की, देह नाशिवंत आहे, आत्मा अमर आहे. मार बसतो तो देहाला, आत्म्याला काही होत नाही. हे उत्तर ऐकावयास गोड आहे. दुःखाने पोळलेल्या माणसाला त्यातून घटकाभर गारवाही मिळतो. परंतु बौद्ध म्हणून आपण ते स्वीकारू शकतो काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : नाही.

बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्म म्हणजे काय हे जसे सांगितले, तसेच धम्म म्हणजे काय नव्हे हेही सांगितले, आणि आत्म्यावरील विश्वासाची गणना त्यांनी या दुसऱ्या प्रकारात केली. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. आत्म्याचा हा नकार म्हणजे पंडितांचा कोरडा वाद आहे असे कोणी समजू नये. आपल्या जीवनाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. आत्म्याला इजाच होत नसेल, तर इजा करणाऱ्याचा अपराध कोणता? मार खाणाऱ्याचे सांत्वन करता करता हा सिद्धान्त मारणाऱ्याची सुटका करून जातो. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे या देशात शतकानुशतके सांगितले गेले, आणि ते सांगणारा समाजच माणसाची सावली टाळीत राहिला. त्याला यात विसंगती वाटली नाही, कारण समता त्याने आत्म्याला दिली होती, आणि आत्म्याला तहान लागत नाही. तहान लागते ती देहाला. त्या देहाच्या वाट्याला मात्र विषमता आली होती.

तर मग आपण केवळ देह आहोत काय? हे उत्तरही आपल्याला मान्य करता येत नाही, कारण जातिव्यवस्थेचे म्हणणे नेमके तेच आहे. अमुक आईच्या पोटी तमुक देह जन्मला, की त्या देहाची योग्यता, त्याचा धंदा, त्याचे स्थान सारे ठरले. माणसाने पुढे काय शिकावे, काय करावे, कसे वागावे याला काही किंमत नाही. जात म्हणजे देहावर मारलेला शिक्का होय.

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी हूल उठविण्यात आली, आणि परिषदेसाठी आलेल्या निःशस्त्र लोकांवर हल्ला झाला. अनेकांची डोकी फुटली. काही दिवसांनी तळ्याचे शुद्धीकरण झाले. मातीच्या १०८ घागरी भरून पंचगव्य तळ्यात ओतण्यात आले. विचार करा, त्या पाण्यात गुरेढोरे उतरत, त्याचा विटाळ कोणाला वाटत नव्हता. विटाळ झाला तो माणसाच्या ओंजळीचा!

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी स्त्रियांना जे सांगितले, ते आपल्या भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावे. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत आणि अंगावरचे जाडजूड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळखखूण झाली आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. वरवर पाहता ही वेषभूषेची गोष्ट वाटेल. परंतु तिचा अर्थ खोल होता. दुसऱ्याने आपल्या देहावर लादलेली खूण म्हणजे आपण नव्हे, ती पुसून टाकण्याचा अधिकार आपला आहे, हे त्या मायबहिणींना प्रथमच कोणी सांगितले आणि त्यांनी ते आचरणात आणले.

आत्मा नाही आणि केवळ देहही नाही, तर मग माणसाची ओळख कशात आहे?

तथागतांनी माणसाची फोड पाच स्कंधांत केली आहे. रूप म्हणजे देह, वेदना म्हणजे सुखदुःखाचा अनुभव, संज्ञा म्हणजे ओळखण्याची शक्ती, संस्कार म्हणजे मनाची घडण व संकल्प, आणि विज्ञान म्हणजे जाणीव. या पाचांपलीकडे बसलेला कोणी सहावा धनी नाही. हे सहज उमगावे म्हणून आपल्या घरातील एक वस्तू घेऊ. आपल्या माय-बहिणी जुन्या लुगड्या-धोतरांच्या तुकड्यांची वाकळ शिवतात. आता सांगा, वाकळ कुठे आहे? या लाल तुकड्यात आहे काय? त्या निळ्या तुकड्यात? दोऱ्यात? तुकडे सुटे केले व दोरा ओढून काढला, तर वाकळ नावाची निराळी वस्तू हाती उरत नाही. परंतु म्हणून माघाच्या थंडीत लेकरांना ऊब देणारी वाकळ खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. एक तुकडा विरला की आई तेथे दुसरे ठिगळ लावते. वाकळ हुबेहूब पूर्वीची राहत नाही, आणि अगदी परकीही होत नाही.

माणूस असाच आहे. देह हा त्यातील एक तुकडा आहे. महत्त्वाचा आहे, पण एकटा नव्हे. आणि सर्वांना एकत्र धरणारा टाका म्हणजे आपले कर्म होय. कर्म म्हणजे मागील जन्मीचे पाप नव्हे. त्या अर्थाने तर आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके गप्प बसविले गेले. कर्म म्हणजे आज, या घरात, या गावात आपण जाणून-समजून जे करतो ते. आपली ओळख कोणी देऊन ठेवलेली नाही; ती आपण टाका टाका घालून घडवितो. जे घडविलेले आहे ते बदलता येते. काल ज्याला गावाने अस्पृश्य म्हटले तो आज बौद्ध होऊ शकतो, ते याच कारणाने. अमर आणि अविकारी आत्म्याला धर्मांतर करता आले नसते!

आता ही ओळख हिंसेपुढे कशी टिकते ते पाहू. त्यासाठी फार दूर जावयास नको. नालासोपाऱ्याजवळ एक प्राचीन स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तेथे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच सोपाऱ्यास मिळाले. प्राचीन काळी हे मोठे बंदर होते व त्याचे नाव शूर्पारक होते. या प्रदेशाला पाली वाङ्मयात सुनापरांत म्हटले आहे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. परंपरेनुसार तेथील पुण्ण नावाचा एक व्यापारी श्रावस्तीस गेला, भगवंतांचा उपदेश ऐकून भिक्षू झाला, आणि पुढे आपल्याच मुलखात धम्म सांगावयास परत निघाला. मज्झिमनिकायात त्याची कथा आहे.

भगवंतांनी त्याला सावध केले. सुनापरांताचे लोक तापट व उग्र आहेत. त्यांनी शिवीगाळ केली तर तुला काय वाटेल, असे विचारले. पुण्णाचे उत्तर असे होते की, त्यांनी हात उगारला नाही एवढे ते भले आहेत असे मी समजेन. हात उगारला तर? ढेकळे मारली नाहीत एवढे ते भले. ढेकळे मारली तर? काठी. काठी मारली तर? शस्त्र. अशा पायऱ्या चढत प्रश्न मृत्यूपर्यंत गेला, आणि पुण्णाचे मन शेवटच्या पायरीवरही ढळले नाही. तथागतांनी त्याला जाण्याची अनुज्ञा दिली. तो गेला, आणि पहिल्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्त सांगते.

बंधुभगिनींनो, ही कथा आपल्याला नीट वाचली पाहिजे, कारण ती चुकीची वाचली तर घातक ठरेल. या कथेत तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. पुण्णाने जखम खोटी आहे असे कोठेही म्हटले नाही. शिवी आणि हात, ढेकूळ आणि काठी, काठी आणि शस्त्र यांत कमी-अधिक काय ते तो नेमके मोजतो. देह म्हणजे माया, असे मानणाऱ्याला हा हिशेब करण्याचे कारण नसते. देहाच्या वेदनेची त्याला पूर्ण जाणीव होती.

दुसरी गोष्ट. तो हे सारे स्वतःविषयी बोलत होता. दुसऱ्याचे डोके फुटले असता त्याच्यापुढे उभे राहून, शस्त्र तर चालविले नाही ना, मग भले समज, असे पुण्णाने कोणाला सांगितले नाही. सहनशीलता ही ज्याने त्याने आपल्यापुरती पत्करावयाची गोष्ट आहे. मार खाणाऱ्याला ती बाहेरून शिकविणे म्हणजे मारणाऱ्याची वकिली करणे होय.

तिसरी गोष्ट, आणि हीच मुख्य. पुण्ण परत फिरला नाही. त्याच्या सहनशीलतेचा अर्थ मुकाट्याने घरी बसणे असा नव्हता. लोक उग्र आहेत म्हणून मी जात नाही, असे तो म्हणाला नाही. आणि लोक उग्र आहेत म्हणून मीही उग्र होतो, असेही म्हणाला नाही. आपण कोण व आपले कार्य कोणते हे ठरविण्याचा अधिकार त्याने हल्ला करणाऱ्याच्या हाती दिला नाही. मघाशी आपण विचारले की मारणाऱ्याच्या हाती लागणार नाही असे आपल्यापाशी काय आहे. ते हे आहे. तो देह फोडू शकतो, प्राणही घेऊ शकतो. परंतु आपण काय करावयाचे ठरविले आहे, हे त्याला ठरविता येत नाही.

महाडला हेच घडले. रक्ताळलेले लोक बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. संख्याबळ आपल्या बाजूस होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. हल्लेखोरांवर खटले झाले व त्यांतील काहींना सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्याच्या हक्काचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. हात आवरणे आणि हक्क न सोडणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच निश्चयाने केली. अपराध्याला शासन करू नये असे बुद्धांनी सांगितले नाही, हे सिंह सेनापतीच्या प्रसंगातून बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. प्राणावर बेतले असता स्वतःचे व दुसऱ्याचे रक्षण करण्याचा हक्क कायदाही देतो. निषेध आहे तो सूडाच्या वासनेचा. एका माणसाच्या अपराधासाठी त्याच्या जातीतील दुसऱ्या कोणाला मारणे म्हणजे देहावरचा शिक्का पाहून न्याय करणे होय, आणि ती तर त्यांचीच रीत झाली.

आता एका कठीण प्रसंगाकडे वळतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले व त्यांतील सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. परंतु दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा या गुन्ह्यास लागू होतो हे मान्य केले नाही. म्हणजे देहावरच्या जखमा न्यायालयात मोजल्या गेल्या, परंतु ज्या जातिद्वेषाने त्या झाल्या असे सारा समाज ओरडून सांगत होता, त्याची नोंद निकालात झाली नाही.

यातून आपण काय शिकावयाचे? देहाला इजा झाली एवढे सिद्ध करून भागत नाही. ती का झाली, हेही पहिल्या दिवसापासून कागदावर आले पाहिजे. कोणता शब्द उच्चारला गेला, कोणता जुना वाद होता, कोण कोण हजर होते, हे तक्रारीतच लिहून घ्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आहे. तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवून मगच सही घेणे व तिची प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणारा लोकसेवकही त्या कायद्याने शिक्षेस पात्र ठरतो. पीडितांचे व साक्षीदारांचे स्वतंत्र हक्क २६ जानेवारी २०१६ पासून त्यात आले आहेत. हे घरातील प्रत्येक वडीलधाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.

नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे येथे एक शंका विचारतात : आम्ही बौद्ध झालो, मग हे संरक्षण गेले काय? गेले नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० साली बौद्ध झालेल्यांना सवलती दिल्या, आणि १९९० साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांनाही अनुसूचित जातींत मान्यता दिली. यावर काही तरुण विचारतात की, जात सोडली म्हणतो आणि दाखल्यावर जात लिहितो, हे कसे? त्यांना मी सांगतो की, दाखल्यावर लिहिलेली जात ही तुमची ओळख नव्हे. तुमच्यावर पिढ्यान् पिढ्या झालेल्या अन्यायाची ती नोंद आहे. वैद्याच्या कागदावर जखम लिहिलेली असते. म्हणून रोग्याचे नाव जखम होत नाही. जखम भरून येईपर्यंत तो कागद जपून ठेवा, परंतु मुलांना त्या नावाने स्वतःची ओळख करून देऊ नका.

गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा या गावच्या तरुणांना मेलेल्या गाईचे कातडे काढले म्हणून ११ जुलै २०१६ रोजी मारहाण झाली. भररस्त्यावर, उघड्या अंगावर लाठ्या पडल्या, आणि त्याची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्या कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये इतर शेकडो बांधवांसह बौद्ध धम्म स्वीकारला. देशाने त्यांना मार खाणारे देह म्हणून पाहिले होते. त्यांनी स्वतःची ओळख मार खाणारे अशी राहू दिली नाही.

येथे एक विनंती करतो. अशा घटनांतील छिन्नविच्छिन्न देहांची छायाचित्रे आज हातातील यंत्रावरून घरोघर फिरतात. ती पुरावा म्हणून न्यायालयात गेली पाहिजेत. परंतु लेकरांपुढे, भोजनाच्या पंक्तीत, ती फिरविण्याने काय साधते? मेलेल्या माणसाची शेवटची ओळख त्याच्या मारेकऱ्याने ठरविलेली, एवढेच उरते. खैरलांजीची ती माता आपली शेतजमीन राखण्यासाठी झगडत होती, तिची मुलगी बारावीत शिकत होती, हे मुलांना सांगा. त्या काय करीत होत्या हे सांगितले म्हणजे त्या कोण होत्या हे कळते.

बाबासाहेबांनी समजावून सांगितलेला धम्म मृत्यूविषयीही असाच सरळ आहे. देहातील द्रव्ये निसर्गात मिसळतात. कोणी आत्मा उडून दुसऱ्या घरी जात नाही. परंतु माणसाने घातलेले टाके मागे राहतात. चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांपैकी आज कोणी आपल्यांत नाही. त्यांचे देह गेले. त्यांनी भरलेली ओंजळ मात्र गेली नाही. आज आपण सार्वजनिक नळाला हात लावतो, तेव्हा तीच ओंजळ आपल्या हातात असते.

म्हणून, उपासक-उपासिकांनो, आपल्या घरी तीन गोष्टी करा. दर पौर्णिमेस कुटुंबाने एकत्र बसून पंचशील केवळ म्हणू नये, त्या महिन्यात आपण ते कितपत पाळले याचा हिशेब करावा. कारण शील हाच आपल्या ओळखीचा दाखला आहे. मुलीला व मुलाला सारखे शिकवा, आणि कायदा वाचता येईल इतके शिकवा. आणि शेजारच्या गावी अन्याय झाल्याची वार्ता आली, तर ती केवळ ऐकून हळहळू नका. दोन माणसे ताबडतोब तेथे पाठवा, तक्रार नोंदली काय ते पाहा, जखमी माणसाजवळ बसा, साक्षीदाराला धीर द्या. एकट्या तुकड्याने थंडी भागत नाही. संघ म्हणजे शिवलेली वाकळ होय.

कोणी विचारले, तू कोण? तर जन्माकडे बोट दाखवू नका, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या आत्म्याकडेही दाखवू नका. आपल्या वागण्याकडे बोट दाखवा. आणि ज्यांनी आपल्याला हे शिकविले त्यांना लाज वाटणार नाही, असे ते वागणे ठेवा.

नमो बुद्धाय! जय भीम!